चंद्राएवढा ट्रक

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या हायवेवर जॉन सेंडर्स नावाचे एक शास्त्रज्ञ स्वतःच्या डोळ्यांवर झापड पाडून मोटार चालवत होते. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटला पुढून एक धुरकट पडदा. पडदा खाली आला की रस्ता नाहीसा. थोड्या वेळानं तो अर्धा सेकंद वर उचलला जायचा आणि पुन्हा खाली. गाडी खरी, रस्ता खरा, आजूबाजूच्या गाड्याही खऱ्या. या प्रयोगाचं जुनं चित्रण आजही बघायला मिळतं आणि ते बघताना पोटात गोळा येतो.

सेंडर्स यांचा प्रश्न साधा होता. गाडी चालवायला माणसाला किती वेळा बघावं लागतं? ‘सतत’ असं उत्तर आपण सगळेच देऊ. प्रयोगातून निघालं ते वेगळंच. सरळ, मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून अर्धा सेकंद बघायला मिळालं तरी गाडी नीट चालते. वेग वाढवला की पडदा लवकर लवकर उचलावा लागतो, आणि वळणं आली की त्याहून लवकर. २०११ साली या कामाला इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात ते हे पारितोषिक.

विचारात पाडणारा भाग असा की पडदा खाली असताना सेंडर्स कुठल्या रस्त्यावर गाडी चालवत होते? समोरचा तर दिसत नव्हता. ते चालवत होते डोक्यातल्या रस्त्यावर. क्षणापूर्वी पाहिलेला रस्ता मेंदू स्वतःच पुढं वाढवत नेतो आणि तो शिळा होईपर्यंत त्याच्यावर भागतं. यासाठी हेल्मेटही लागत नाही. आपले डोळे सेकंदाला दोन-तीन उड्या मारतात, आणि प्रत्येक उडीच्या वेळी मेंदू दृश्य दाबून टाकतो, नाहीतर जग सारखं फरपटत गेल्यासारखं दिसलं असतं. आरशात बघितलं की समोरचं गेलं. पापणी मिटली की सगळंच गेलं. तरी गाडी चालत राहते, कारण ती चालते येत्या काही सेकंदांच्या अंदाजावर.

नवा चालक आणि वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस यांच्यातला फरक मला तरी इथंच दिसतो. हाफ क्लच, गिअर, रिव्हर्स हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. अठरा वर्षांच्या मुलीची नजर आणि हातापायांची चपळाई तर तिच्या वडिलांपेक्षा सरस असते. तिच्याकडे कमी असतो तो पुढच्या सेकंदांचा साठा. ‘हळू चालव’, ‘अंतर ठेव’, ‘लांब बघ’ असे सल्ले तिला घरातले सगळे देतात आणि ते कानाला कंटाळवाणे लागतात. पण त्यांच्या मुळाशी जे चाललेलं असतं ते थक्क करणारं आहे.

१९७२ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मूरंट आणि रॉकवेल यांनी नव्या आणि मुरलेल्या चालकांच्या नजरा रस्त्यावर टिपल्या. नवखे गाडीच्या अगदी पुढ्यातला रस्ता बघत होते, त्यांची नजर लहानशा टापूत घुटमळत होती आणि आरशाकडे ती क्वचित जात होती. मुरलेल्यांची नजर दूर होती आणि ती पसरून फिरत होती. यात नवख्याचा दोष नाही. गाडी लेनमध्ये सरळ ठेवायची म्हणून तो जवळची कड धरून राहतो. पण ताशी ६० किलोमीटरला बॉनेटच्या पुढचा दहा मीटर रस्ता म्हणजे पुढचे फक्त ०.६ सेकंद. एवढ्या तुटपुंज्या भविष्यात स्टिअरिंग कायम उशिरा वळतं, मग जास्त वळतं, मग उलट वळवावं लागतं. शिकाऊ गाडी रस्त्यावर डुलत जाते ती यामुळं. नजर उचलून दूर टाकली की गाडी आपोआप सरळ चालायला लागते, आणि पहिल्यांदा असं होतं तेव्हा शिकणाऱ्याला तो जादूचा प्रयोग वाटतो. जवळची कड सांभाळायचं काम डोळ्यांच्या कडेची नजर करते. तिला ते येतं. फक्त तिच्यावर विश्वास टाकायला वेळ लागतो.

वळणावर तर नजर याहून गमतीदार काम करते. मायकेल लँड आणि डेव्हिड ली या दोघांनी एडिंबरा शहरातल्या क्वीन्स ड्राइव्ह या वळणावळणाच्या रस्त्यावर चालकांच्या डोळ्यांचा माग काढला आणि १९९४ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. वळण यायच्या एक-दोन सेकंद आधी प्रत्येकाची नजर एकाच जागी जाऊन टेकत होती. वळणाच्या आतल्या बाजूची कड जिथं सगळ्यात पुढं आलेली दिसते आणि मग उलटी फिरते, त्या बिंदूवर. भूमितीत बघितलं तर आपल्या नजरेची रेषा तिथं रस्त्याच्या कडेला स्पर्शिका होते, आणि गाडीची दिशा व ही रेषा यांच्यातल्या कोनावरून वळण किती तीव्र आहे ते कळतं. हे त्या चालकांना कुणी शिकवलेलं नव्हतं. तुम्ही नजर कुठं ठेवता असं विचारलं असतं तर बहुतेकांना ते सांगताही आलं नसतं.

आंबोली किंवा वरंधा घाटात हे स्वतः करून बघता येतं, अर्थात शेजारच्या सीटवर बसून. वळणात शिरताना रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जिथं एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या जागेकडे बघत राहायचं. ती जागा आपल्यापासून दूर पळू लागली तर वळण उघडतंय. आपण तिच्या अंगावर चाललोय असं वाटलं तर वळण आवळत चाललंय आणि वेग आताच कमी करायला हवा. ब्रिटनच्या पोलीस चालकांना हीच खूण शिकवतात. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे हा त्यांचा नियम, आणि पावसाळ्यातल्या धुक्यात आमच्या घाटांना याहून चांगला नियम मला सापडलेला नाही.

आता शीर्षकातल्या त्या ट्रककडे येऊ.

दुपदरी रस्ता आहे. पुढं ताशी ६० नं एक ट्रक चाललाय आणि तुम्हाला ८० नं त्याला ओव्हरटेक करायचंय. समोरून दुसरा ट्रक येताना दिसतो, लांब आहे, बारीक दिसतोय. किती बारीक? समजा, पौर्णिमेच्या चंद्राएवढा रुंद. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश रुंद असतो. (क्षितिजावरचा मोठा वाटतो, पण मोजला तर तेवढाच भरतो.) अडीच मीटर रुंदीचा ट्रक अर्धा अंश दिसायला तो पावणेतीनशे मीटरवर असावा लागतो. तोही ८० नं येत असेल तर तुमच्यातलं अंतर ताशी १६० नं, म्हणजे सेकंदाला ४४ मीटरनं कमी होतंय. पावणेतीनशे मीटर संपायला सहा सेकंद लागतात. आणि पुढच्या ट्रकच्या मागून निघून, त्याची लांबी ओलांडून, सुरक्षित अंतर ठेवून परत आपल्या बाजूला यायला? ट्रकपेक्षा तुम्ही फक्त २० नं जास्त चालताय, त्यामुळं आठ सेकंदांहून कमीत ते होत नाही.

चंद्राएवढा ट्रक म्हणजे ओव्हरटेकची वेळ आधीच निघून गेलेली असते. आणि डोळ्यांना मात्र तो निवांत लांब वाटत असतो.

असं का वाटतं, त्याचं उत्तर एका समुद्रपक्ष्याकडे आहे. गॅनेट हा पक्षी माशासाठी उंचावरून पाण्यात सूर मारतो आणि पाण्याला टेकायच्या निमिषभर आधी पंख मिटून घेतो. आधी मिटले तर नेम चुकेल, उशीर झाला तर पंख मोडतील. त्याला उंची मोजता येत नाही, वेगही मोजता येत नाही. मग वेळ कशी साधते? वरच्याच डेव्हिड ली यांनी १९७०च्या दशकात यावर एक सुंदर कल्पना मांडली आणि पुढं १९८१ साली गॅनेटच्या सुरांवर ती तपासली. अंतर आणि वेग माहीत नसले तरी चालतं; वस्तूची डोळ्यातली प्रतिमा किती झपाट्यानं मोठी होते यावरूनच धडकेपर्यंत उरलेला वेळ मिळतो. तोंडी हिशेब करण्याइतकं हे सोपं आहे. समोरून एकाच वेगानं येणारी वस्तू तीन सेकंदांत दुप्पट मोठी दिसू लागली, तर अंतर निम्मं झालं. उरलेलं निम्मं संपायला तेवढेच तीन सेकंद लागणार. प्रतिमा दुप्पट व्हायला लागलेला वेळ म्हणजेच हातात उरलेला वेळ.

खोच अशी की लांबच्या वस्तूची ‘दुप्पट’ फार किरकोळ असते. चारशे मीटरवरचा ट्रक दोनशेवर येईपर्यंत साडेचार सेकंद जातात आणि त्या काळात तो अंशाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शानं वाढतो. मग शेवटच्या दोन सेकंदांत एकदम अंगावर येतो. टोळाच्या मेंदूत अशा अंगावर येणाऱ्या प्रतिमेला ओळखणारी खास पेशी असते आणि ती पेटली की टोळ उडी मारतो. आपल्यालाही तशी जाणीव असते, पण ती शेवटच्या दोन सेकंदांत जागी होते, आणि ८०च्या वेगात दोन सेकंदांचा उपयोग नसतो. लहान मुलांमध्ये ही जाणीव अजून कच्ची असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं येणारी गाडी प्राथमिक शाळेतल्या मुलांना ‘येतेय’ असं नीट ओळखताच येत नाही. शाळेसमोर गाडी हळू घ्यायची ती या कारणानं. रस्ता ओलांडणारं पोर बेफिकीर नसतं. त्याच्या डोळ्यांना तुमची गाडी थांबलेली दिसत असते.

चंद्राचा हिशेब स्कूटरला लावला की अंगावर काटा येतो. स्कूटर रुंदीला पाऊण मीटरही नसते. ती चंद्राएवढी दिसते तेव्हा ती जेमतेम ऐंशी मीटरवर आलेली असते, म्हणजे तुम्ही ८० नं आणि ती ५० नं येत असेल तर अवघ्या दोन सेकंदांवर. तोच आकार, पण ट्रकला सहा सेकंद आणि स्कूटरला दोन. लहान वस्तू डोळ्यांना लांबची आणि उशिरा पोचणारी वाटते. चौकात उजवीकडे वळणाऱ्या गाड्या दुचाकीच्या आड येतात तेव्हा चालक शपथेवर सांगतो की ती लांब होती, आणि त्याच्यापुरतं ते खरंच असतं.

आणखी एक नवल. दोन रस्ते काटकोनात मिळतात. तुम्ही एकावर, दुसऱ्यावर एक मोटरसायकल, दोघांचे वेग असे की बरोब्बर चौकात भेट व्हावी. या सबंध वेळात ती मोटरसायकल तुमच्या काचेत एकाच जागी असते. इकडे सरकत नाही, तिकडे सरकत नाही. जी सरकते ती पुढून किंवा मागून निघून जाणार असते. धडकणारी तेवढी निश्चल असते आणि हळूच मोठी होत जाते. जहाजावरच्या खलाशांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण कडेची नजर हलणाऱ्या गोष्टी टिपण्यात पटाईत आणि न हलणाऱ्या गोष्टींना आंधळी. त्यात समोरच्या काचेचा जाड खांब नेमका त्या जागी आला तर अख्खी मोटरसायकल सवारासकट त्याच्यामागं राहून चौकापर्यंत येऊ शकते. उपाय इतका सोपा आहे की हसू यावं. चौकाआधी बसल्या जागी मान आणि खांदे जरा पुढं-मागं करायचे. खांब हलतो, मागचं दिसतं.

आता ब्रेक. शाळेत पायथागोरस पाठ करताना तो कुठं उपयोगी पडणार हे कुणी सांगितलं नव्हतं. तो इथं पडतो. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी चालल्यात, एक ८० नं, दुसरी १०० नं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचं रोजचं दृश्य. समोर काहीतरी आडवं येतं आणि दोघेही एकाच जागी ब्रेक दाबतात. ८०ची गाडी अडथळ्याला टेकता टेकता थांबली. त्या क्षणी नव्हे, त्या जागी १०० वाल्या गाडीचा वेग किती असेल? सहज मनात येतं, वीस. उत्तर आहे साठ.

कारण ब्रेक दर मीटरला ठरावीक ऊर्जा खातो, आणि ऊर्जा असते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. १००चा वर्ग १०,०००. ८०चा ६,४००. दोन्ही गाड्यांचे ६,४०० तेवढ्याच अंतरात खर्ची पडले. एकीकडे शून्य उरलं, दुसरीकडे ३,६००. त्याचं वर्गमूळ ६०. तीन-चार-पाचचा तो जुना काटकोन त्रिकोण रस्त्यावर आडवा पडलेला असतो. यात दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा दीड सेकंद अजून धरलेलाच नाही. तो धरला तर १००ची गाडी त्या काळात ८०च्या गाडीपेक्षा आठ मीटर जास्त पुढं निघून जाते आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर अडथळ्यावर आदळताना तिचा वेग ७० च्या वर असतो. एक गाडी थांबलेली, शेजारची सत्तरीत.

गावातल्या वेगालाही हेच लागू. तो दीड सेकंद धरला तर ५०ची गाडी थांबते तिथं ६०ची गाडी साधारण ४३ नं आदळते. दहाचा फरक त्रेचाळीसचा होऊन समोर येतो, हे मला दर वेळी पुन्हा मांडून बघावं लागतं तेव्हा पटतं.

हा सगळा व्यवहार ज्या जागेवर होतो ती जागा तरी केवढी? माणसांसकट १,२०० किलोची गाडी, चार चाकं, प्रत्येकावर ३०० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. भागाकार करा, १३० चौरस सेंटिमीटर येतात. बोटांसकट हाताचा पंजा होतो त्याहून थोडं कमीच. अशा चार पंजांवर अख्खं कुटुंब सामानासकट कोकणात उतरतं. स्कूटरचं मागचं चाक तर दोन-तीन काडेपेट्यांएवढ्या जागेवर उभं असतं.

या पंजातल्या पकडीची दोन गिऱ्हाइकं आहेत, ब्रेक आणि वळण. एकानं किती घेतली की दुसऱ्याला किती उरते, याचा हिशेबही पायथागोरसच करतो, कारण दोन्ही बलं काटकोनात असतात. वळणात ६० टक्के पकड खर्च झाली तर ब्रेकला ८० टक्के शिल्लक राहते, आणि हा व्यवहार बऱ्यापैकी उदार म्हणायचा. पण वळणात शंभर टक्के गेली तर ब्रेकला शून्य. म्हणून मुरलेला माणूस वळणाआधी ब्रेक मारून मोकळा होतो. दुचाकीवर तर हे फारच खरं, विशेषतः वळणावर बारीक वाळू पसरलेली असेल आणि पुढचा ब्रेक घाबरून आवळला गेला असेल तेव्हा.

पाऊस आला की पंजा आणि रस्ता यांच्यात तिसरा कुणीतरी घुसतो. पहिल्या सरींत तो असतो उन्हाळाभर साचलेल्या तेलाचा आणि धुळीचा राडा. नंतर साचलेलं पाणी. विमानांची चाकं ओल्या धावपट्टीवर तरंगतात कशी हे नासानं १९६०च्या दशकात तपासलं तेव्हा त्यांना एक सुटसुटीत सूत्र मिळालं, आणि त्यात गाडीच्या वजनाचा उल्लेखच नव्हता. होता तो फक्त टायरमधल्या हवेचा. ३३ पीएसआय असेल आणि पाणी पुरेसं साचलेलं असेल तर नक्षी झिजलेलं टायर ताशी ९५च्या आसपास रस्ता सोडून पाण्यावर चालायला लागतं. हवा २५ वर आली तर ८३ लाच. स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं की समजायचं, आपण आता रस्त्यावर नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेकवर उडी मारायची नाही. पंपावर हवा तपासून घेण्याचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एवढं गणित पुरे.

घाट उतरण्याचा हिशेब त्याहून मजेदार आहे. खंडाळ्याहून खोपोलीला येताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. १,२०० किलोची ही उतरण सगळी ब्रेकनं अडवली तर जी उष्णता तयार होते तिच्यात आंघोळीची बादलीभर, म्हणजे अठराएक लिटर पाणी उकळेल. ही उष्णता चार चाकांच्या ब्रेकांनी सोसायची असते. ते तापले की पकड सुटते, पाय खाली जात राहतो आणि गाडी तशीच. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. बादलीतलं बरंचसं पाणी मग इंजिन उकळतं, आणि त्याला ती सवय आहे. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांची हुशारी मला कधीच कळलेली नाही.

माणसाच्या बाजूचं नवल एका खेळात सापडलं. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठात गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक अभ्यास छापला. पडद्यावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा होतो, किती पुढं न्यायची ते तुम्ही ठरवा. जास्त नेली तर आदळते. मुलं एकटी खेळली तेव्हा मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. बरोबर दोन मित्र नुसते बसवले, आणि किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोवीस वर्षांपुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, फरक पडला नाही. धोका कळत नव्हता असं नाही. बघणारं कुणी असलं की त्या वयातला मेंदू बक्षिसाकडे जास्त ओढला जातो. न्यूझीलंडनं १९८७ सालीच परवाना टप्प्याटप्प्यानं द्यायला सुरुवात केली: सुरुवातीच्या काळात रात्री उशिरा एकट्यानं गाडी चालवायची नाही आणि मित्रमंडळी भरून न्यायची नाहीत. आपल्याकडे असा टप्पा नाही. आपल्याकडे ट्रिपल सीट आहे. कायद्यानं सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, आणि क्लासला जाणाऱ्या मुलांच्या हातातल्या स्कूटर बहुतेक त्याच्या दुपटीच्या असतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे किती घरांत माहीत आहे कोण जाणे.

कौशल्य वाढवलं की हे सगळं सुटेल असं वाटणं साहजिक आहे. नॉर्वेला तसं वाटलं. १९७९ पासून त्यांनी नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि मागून तपासलं तर तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात वाढलेले निघाले. गाडी सावरता येते म्हटल्यावर ती घसरेल इथपर्यंत नेण्याची भीती गेली होती.

उपयोगी पडतं ते शिक्षण नजरेचं. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेत चित्रफिती दाखवतात आणि धोका तयार होताना दिसला की बटण दाबायचं असतं. जितक्या लवकर दाबाल तितके जास्त गुण. आपल्या आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा आणि रिव्हर्स बघतात, शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी ती चाचणी देता येते, आणि पुढचे सेकंद वाचता येतात का हे त्यात कुठंच विचारत नाहीत. पण ते घरच्या घरी शिकता येतं. ब्रिटिश पोलीस चालकांची जुनी पद्धत आहे, गाडी चालवताना समोरचं मोठ्यानं बोलत जायचं. आपल्या रस्त्यावर ते असं होईल: “पुढं एसटी थांबलीय, तिच्या पुढून कुणीतरी पळत येणार. डावीकडं रिक्षावाल्यानं मान वळवली, तो आता बाहेर काढणार. उभ्या गाडीच्या आत माणूस दिसतोय, दार उघडेल. चेंडू आला, मागून पोर येणार. उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही, तिच्यामागं अजून एक असणार.” बोलायला घेतलं की नजर आपसूक लांब जाते, कारण बॉनेटपुढच्या दहा मीटरमध्ये बोलण्यासारखं काही नसतं. फोनवर बोलताना नेमकं उलटं होतं. हात मोकळे असले तरी डोकं पडद्यामागं जातं, आणि पलीकडच्या माणसाला समोरची एसटी दिसत नसल्यानं तो गप्पही बसत नाही.

हे शिकायला गाडी लागत नाही, परवाना तर नाहीच. एसटीत पुढची काच दिसेल अशी सीट पकडायची, नाहीतर आई-बाबांच्या शेजारी बसायचं, आणि चालकाचा पाय ब्रेकवर जायच्या आधी हळूच ‘ब्रेक’ म्हणायचं. सुरुवातीला तुम्ही दर वेळी मागं राहाल, गाडी आधी दबेल आणि शब्द नंतर येईल. मग एखाद्या दिवशी एसटीच्या चालकाआधी तुमचा शब्द येईल. चौदाव्या वर्षीही हा खेळ चालतो.